तीन मिनिटं लेट लोकल आणि एक बटर पेपर: एक्स्पोनेन्शियलचे ग्राफ सरकवायचे कसे

माझी भाची यंदा अकरावीला गेलीय, सायन्स घेतलंय. जुलैतल्या एका रविवारी आमच्या परळच्या चाळीत आली, बाहेर धो धो पाऊस, खेळायला जायचा प्रश्नच नाही, तर वही काढून बसली आणि म्हणाली, "मामा, हे बारा ग्राफ पाठ करायचेत उद्यापर्यंत." बघितलं तर बारा एक्स्पोनेन्शियल फंक्शन्स (ज्यांत बदलता आकडा घातात बसलेला असतो ती), प्रत्येकाचं वेगळं टेबल, प्रत्येकाचा वेगळा ग्राफ, पेन्सिल घासून घासून कागद झिजलेला. म्हटलं अगं हे बारा नाहीयेत, हा एकच ग्राफ आहे, बारा वेळा इकडून तिकडे सरकवलेला. तिचा काही विश्वास बसला नाही. मग दुपारभर आम्ही जे केलं तेच इथे लिहितोय, ज्याला पहिल्यांदाच शिकायचंय किंवा पोराला शिकवायचंय त्याच्यासाठी.

सामान फार लागत नाही. शाळेचा साधा ग्राफ पेपर, एक बटर पेपर (स्टेशनरीवाल्याकडे ट्रेसिंग पेपर मिळतो तोही चालेल, स्वयंपाकघरातला घेतलात तर तेलाचा हात लागलेला नसावा), स्केचपेन आणि सेलोटेप. पावसाळ्यात बटर पेपर दमट हवेने गुंडाळी होऊन बसतो, चारी कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवा, आम्ही वाट्या ठेवल्या होत्या.

लिहिण्याबद्दल एक सांगून ठेवतो. पुस्तकात एक्स आणि वाय असतं, मी क्ष आणि य लिहितोय. आणि ^ ही टोपी म्हणजे घात. २^३ म्हणजे दोनचा तिसरा घात, म्हणजे ८. बस्स.

आधी मूळ ग्राफ, तोही नीट

पॅरेंट फंक्शन म्हणजे ज्याच्यापासून बाकी सगळे जन्मले तो. आपला पॅरेंट: य = २^क्ष. टेबल एकदाच करायचं. क्ष शून्य तर य १. क्ष १ तर २, मग ४, मग ८. उलट्या बाजूला क्ष −१ तर अर्धा, −२ तर पाव, −३ तर एक अष्टमांश. म्हणजे उजवीकडे एक घर गेलं की दुप्पट, डावीकडे एक घर गेलं की निम्मं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच चालणार आहे.

ग्राफ पेपरवर एक घर म्हणजे एक सेंटिमीटर धरून हे काढा. उजवीकडे हा प्रकार लगेच हाताबाहेर जातो. दहाव्या घरात उंची १०२४ सेंटिमीटर, म्हणजे सव्वादहा मीटर, आमच्या चाळीच्या वरच्या मजल्याची गॅलरी आली. आणि विसाव्या घरात साडेदहा किलोमीटरच्या आसपास, एव्हरेस्ट ८८४९ मीटर आहे, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर, आणि कागदावर आपण फक्त वीस सेंटिमीटर उजवीकडे सरकलोय! डावीकडे याच्या बरोबर उलटं. पाचव्या घरात म्हणजे क्ष −५ ला उंची एक बत्तिसांश सेंटिमीटर, जेमतेम ०.३ मिलिमीटर. तुमच्या पेन्सिलचं लीड ०.५ चं असेल तर ग्राफ त्या रेषेच्या जाडीतच हरवतो. म्हणून पोरं तिथे ग्राफ सरळ क्ष-अक्षाला चिकटवून टाकतात आणि मार्क जातात. चिकटत नाही तो. कितीही डावीकडे गेलात तरी निम्म्याचं निम्मं उरतंच, शून्य कधी होत नाही. जिच्याजवळ जात राहायचं पण शिवायचं नाही अशी ही रेषा, इथे य = ०, तिला असिम्प्टोट म्हणतात, मराठी पुस्तकात अनंतस्पर्शी रेषा. मी भाचीला सोपं करून सांगितलं की ही त्या ग्राफची जमीन. पुढे मी जमीन म्हटलं की हीच समजा.

आता बटर पेपर ग्राफ पेपरवर ठेवा आणि स्केचपेनने हा ग्राफ गिरवा. त्याच बटर पेपरवर जमीन तुटक रेषेने काढा, आणि तीन ठिपके ठळक करा: (−१, १/२), (०, १), (१, २). मधल्या ठिपक्याला आम्ही नाव दिलं "मोती", कारण (०, १) हाच बिंदू सारखा बघावा लागतो. जमीन, मोती आणि आजूबाजूचे दोन ठिपके. एवढं हातात असलं की पुरे.

वर-खाली: जमिनीसकट उचला

सगळ्यात सोपं हे. य = २^क्ष + ३. जे काही उत्तर आलं त्यात ३ मिळवायचे, म्हणजे बटर पेपर सरळ तीन घरं वर. मोती (०, ४) ला गेला. पण खरी गोष्ट अशी की जमीनही तीन घरं वर गेली, ती आता य = ३ आहे. मुलं ठिपके वर नेतात आणि जमीन तिथेच खाली विसरून येतात, मग ग्राफ डावीकडे पार क्ष-अक्षापर्यंत घसरत नेतात. म्हणून माझा नियम, काहीही करण्याआधी पहिली जमिनीची तुटक रेषा काढायची. बटर पेपर वापरलात तर ही चूक होऊच शकत नाही कारण रेषा त्याच कागदावर आहे, सोबत येतेच.

खाली सरकवायचं उदाहरण बुद्धिबळाच्या पटाचं घ्या, ती गव्हाच्या दाण्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. आतापर्यंतचे एकूण दाणे किती? एका घरानंतर १, दोन घरांनंतर ३, तिसऱ्यानंतर ७, मग १५. प्रत्येक वेळी दोनच्या घातापेक्षा एकने कमी. म्हणजे य = २^क्ष − १, आपलाच ग्राफ एक घर खाली. मोती शून्यावर आला, बरोबरच आहे, शून्य घरं भरली तर शून्य दाणे. आणि ६४ घरांचे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भाचीने हा आकडा वाचायचा दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

डावी-उजवी: इथे सगळे आपटतात

य = २^(क्ष − ३). वजा तीन दिसतंय तर डावीकडे जायला हवं ना? नाही, उजवीकडे जातो. आमच्या वेळी क्लासमध्ये "कंसात उलटं, बाहेर सुलटं" असं घोकून घ्यायचे, का ते कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं पण नाही. मी परीक्षेत निम्म्या वेळा बरोबर आणि निम्म्या वेळा चूक, म्हणजे नाणं उडवून लिहिलं असतं तरी तेवढेच मार्क पडले असते.

भाचीने मात्र विचारलं. "मामा, वजा आहे तर मागे का नाही जात?"

"अगं, तुझी लोकल तीन मिनिटं लेट असते तेव्हा काय होतं?"

आता हे सावकाश वाचा. समजा ठाण्याहून ८:१२ ला सुटणारी गाडी आहे आणि आज ती तीन मिनिटं लेट चाललीय. ८:१५ वाजले. गाडी आत्ता कुठे आहे? टाइमटेबलमध्ये ८:१२ ला जिथे असायला हवी होती तिथे. ८:४० वाजले, तर टाइमटेबलच्या ८:३७ च्या जागी. म्हणजे घड्याळात जे वाजलंय त्यातून तीन वजा करायचे आणि मग टाइमटेबल बघायचं. घड्याळ म्हणजे क्ष, टाइमटेबल म्हणजे मूळ फंक्शन, आणि लेट गाडी म्हणजे क्ष − ३. लेट म्हणजे सगळं नंतर घडणार, आणि ग्राफवर नंतर म्हणजे उजवीकडे. वजा आपण टाइमटेबल बघताना करतो, गाडी मागे जात नाही. क्ष + ३ असेल तर गाडी तीन मिनिटं आधीच आली (मुंबईत असंही होतं कधीकधी, आणि नेमकी तेव्हा आपण जिन्यावर असतो), सगळं आधी घडणार, ग्राफ डावीकडे.

हे कळल्यावर तिने स्वतःच बटर पेपर उजवीकडे तीन घरं नेला. मोती (३, १) ला. जमीन? ती आडवीच आहे, आडवी सरकवली तर तिथल्या तिथेच, य = ०. म्हणजे जमीन फक्त वर-खाली सरकवण्याने हलते, डावी-उजवीने नाही.

ताणणं, आणि इथली गंमत

य = ४ × २^क्ष. प्रत्येक उंची चौपट. मोती (०, ४), बाजूचे ठिपके (−१, २) आणि (१, ८). शून्याची चौपट शून्यच म्हणून जमीन हलत नाही. आता बटर पेपर काही रबर नाही, ताणता येत नाही, तर मी तिला म्हटलं हे पाच ठिपके ग्राफ पेपरवर काढ: (−२, १), (−१, २), (०, ४), (१, ८) आणि (−३, १/२). आणि आता बटर पेपर फक्त डावीकडे दोन घरं सरकव.

सगळे ठिपके बटर पेपरवरच्या रेषेखाली बरोबर झाकले गेले, एकूण एक. ती दोन सेकंद बघतच राहिली.

हे का होतं? ४ म्हणजे २^२. मग ४ × २^क्ष म्हणजे २^(क्ष + २). चौपट ताणणं आणि दोन घरं डावीकडे सरकवणं ही एक्स्पोनेन्शियलमध्ये एकच गोष्ट आहे. वर म्हटलं होतं ना, उजवीकडे एक घर म्हणजे दुप्पट. मग सगळं दुप्पट करायचं तर एक घर डावीकडे ओढा. पॅराबोलाला असं जमत नाही, क्ष वर्गाला चौपट केलंत आणि कितीही सरकवलंत तरी तो मूळ पॅराबोलावर बसणार नाही. माझ्या मते अख्ख्या धड्यात सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्या नोट्समध्ये ती एका ओळीतसुद्धा नव्हती.

पैशात बघा म्हणजे पटेल. एक लाखाची एफडी, वर्षाला ७ टक्के, व्याज वर्षातून एकदा मुद्दलात जातं असं धरू. रक्कम = १,००,००० × १.०७^वर्षं. दहा वर्षांनी साधारण १,९६,७१५. आता तुम्ही आळस केलात आणि तेच एक लाख तीन वर्षं उशिरा ठेवलेत, म्हणजे तुमची लोकल तीन वर्षं लेट. घात झाला वर्षं − ३. १.०७ चा तिसरा घात साधारण १.२२५, एक लाखाला त्याने भागलं तर ८१,६३०. म्हणजे तीन वर्षं उशिरा ठेवलेले एक लाख आणि आजच ठेवलेले ८१,६३० यांचा ग्राफ तिथून पुढे एकच. उशीर हा मुद्दलातून कापला जातो. बटर पेपर उजवीकडे सरकवला काय आणि उंचीला १.२२५ ने भागलं काय, एकच.

एक चूक मात्र सर्रास होते, ३ × २^क्ष ला लोक ६^क्ष करून टाकतात. क्ष = २ घालून बघा, पहिलं १२ येतं, दुसरं ३६. घात फक्त दोनाला लागलाय, तीनाला नाही.

वेग: फास्ट आणि स्लो

य = २^(२क्ष). परत लोकलवर या. समजा एक गाडी टाइमटेबलच्या बरोबर दुप्पट वेगाने चाललीय, तर दहा मिनिटांत ती वीस मिनिटांचं अंतर कापणार. टाइमटेबल बघताना क्ष च्या जागी २क्ष बघायचं. सगळं निम्म्या वेळात, म्हणून ग्राफ आडवा दाबला जातो, प्रत्येक ठिपक्याचा क्ष निम्मा. (१, २) चा झाला (१/२, २), मोती शून्यावर आहे तो तिथेच. उलट २^(क्ष/३) ही रखडत चाललेली स्लो, ग्राफ तिप्पट पसरतो.

बटर पेपरवर हे कसं करायचं? कागदाला हात लावायचाच नाही, खाली क्ष-अक्षावरचे आकडे बदलायचे! जिथे १ होतं तिथे अर्धा लिहा, २ तिथे १, झालं. हा जुगाड भाचीचा, माझा नाही.

आणि यातूनच कळतं की बेस (ज्या आकड्याचा घात काढतो तो) वेगळा असला तरी घाबरायचं कारण नाही. २^(२क्ष) म्हणजे ४^क्ष. म्हणजे ४^क्ष हा काही नवा ग्राफ नाही, तो दुप्पट वेगाने धावणारा २^क्ष आहे. एफडीवाला १.०७^क्ष सुद्धा तोच, फक्त सुस्त, त्याला दुप्पट व्हायला सव्वादहा वर्षं लागतात म्हणून तो जवळपास २^(क्ष/१०.२४). बँकेत काका लोक ७२ ला व्याजदराने भागून दुप्पट व्हायची वर्षं सांगतात, ७२ भागिले ७ म्हणजे १०.३, तो हिशोब हाच. पुढे ई नावाचा बेस येईल, २.७१८ वगैरे, तोही याच रांगेतला.

उलटं करणं

दोन प्रकार आहेत आणि बटर पेपर पारदर्शक असल्याने दोन्ही हाताने करता येतात. २^(−क्ष) म्हणजे वेळ उलटा, कागद पुस्तकाच्या पानासारखा डावीकडून उजवीकडे पालटा, य-अक्ष जागेवर ठेवून. आता ग्राफ उतरता झाला, उजवीकडे एक घर गेलं की निम्मं. हाच (१/२)^क्ष. आणि −२^क्ष म्हणजे उंची उलटी, कागद वरून खाली पालटा, कॅलेंडरचं पान उलटल्यासारखा, ग्राफ जमिनीच्या खाली लटकतो वटवाघळासारखा, मोती (०, −१).

इथे −२^क्ष आणि (−२)^क्ष यात गल्लत करू नका. पहिल्यात दोनाचा घात काढून मग वजा लावलाय. दुसऱ्यात बेसच वजा आहे, क्ष अर्धा घातलात तर वजा दोनाचं वर्गमूळ काढायला बसावं लागेल, म्हणून एक्स्पोनेन्शियलचा बेस नेहमी शून्यापेक्षा मोठा घेतात, आणि १ पण नको, कारण १ चा कितवाही घात १ च, सपाट रेषा.

सगळं एकत्र आलं की

आता एकच साचा लिहून ठेवा, अक्षरं मी मराठीतली घेतलीत म्हणजे काय कशासाठी ते आठवेल:

य = त × २^( व × (क्ष − स) ) + उ

त म्हणजे ताण, व म्हणजे वेग, स म्हणजे सरक, उ म्हणजे उचल. व आणि स घाताच्या आत आहेत, ते आडवं काम करतात. त आणि उ बाहेर आहेत, ते उभं काम करतात. मूळ ग्राफवरच्या कुठल्याही ठिपक्याचं नवं घर शोधायचं तर क्ष ला व ने भागा आणि स मिळवा, य ला त ने गुणा आणि उ मिळवा. जमीन कायम य = उ.

क्रम महत्त्वाचा, आधी गुणाकार-भागाकार, मग सरकवणं. उलटं केलंत तर गडबड, आधी ३ ने उचललं आणि मग दुप्पट ताणलं तर ते तीनही दुप्पट होऊन जमीन ६ वर जाईल. पहिल्या मजल्यावरचं सामान वर चढवायच्या आधीच बांधून घ्यायचं, चढवल्यावर नाही.

आता एक भाचीच्या वहीतलं, सगळ्यात किचकट वाटलेलं:

य = −३ × २^(२क्ष − ४) + ५

घातात २क्ष − ४ दिसलं की हात शिवशिवतो "चार घरं उजवीकडे" लिहायला. थांबा. आपल्या साच्यात व कंसाच्या बाहेर आहे. २ कॉमन काढा: २(क्ष − २). म्हणजे सरक २ आहे, ४ नाही. पटत नसेल तर घात शून्य कधी होतो ते बघा, क्ष = २ ला, मोती तिथेच येणार. मी स्वतः बारावीच्या प्रिलिममध्ये नेमकं हेच चुकलो होतो म्हणून एवढं सांगतोय.

तर त = −३, व = २, स = २, उ = ५. पहिली जमीन, य = ५ ला तुटक रेषा. त वजा आहे म्हणून ग्राफ जमिनीच्या खाली असणार, हे ठिपके काढायच्या आधीच कळलं. आता ठिपके. (−१, १/२): क्ष झाला −१/२ + २ म्हणजे १.५, य झाला −१.५ + ५ म्हणजे ३.५. मोती (०, १): गेला (२, २) ला. (१, २): गेला (२.५, −१) ला. हवा तर आणखी एक, (२, ४) गेला (३, −७) ला, केवढा आपटला बघा. डावीकडे ५ च्या जवळ जवळ जात राहतो, क्ष शून्य असताना ४.८१२५, म्हणजे जमिनीला जवळपास टेकलेला. हे सगळे जोडले की झाला ग्राफ. य च्या किमती ५ पेक्षा कमी सगळ्या, ५ नाही, आणि क्ष काहीही चालतो. डोमेन (क्ष काय चालतो) आणि रेंज (य काय येतो) यांचे दोन मार्क फुकटात.

तपासायचं असेल तर फोनवर डेसमॉस किंवा जिओजेब्रा ही ग्राफ काढणारी ॲप्स उघडा, दोन्ही फुकट आहेत, वेबसाइटवर पण चालतात. आकड्यांच्या जागी अक्षरं टाकून स्लायडर करून घ्या आणि एकेक हलवून बघा. पण माझं मत विचाराल तर आधी हाताने, मग स्लायडर. स्लायडर पहिल्याच दिवशी दिला की पोरं गोलगोल फिरवत बसतात, काय हललं ते बघतात पण जमीन हलली का ते बघत नाहीत.

चहा

एवढ्यात आईने चहा आणला आणि मला फुकटचं उदाहरण मिळालं. चहा थंड कसा होतो? १७०१ साली न्यूटनने छापलेलं तत्त्व असं की वस्तू किती झपाट्याने निवते ते तिच्यात आणि भोवतालच्या हवेत किती फरक आहे त्यावर ठरतं. साध्या हिशोबाला हे छान चालतं. समजा खोली ३० अंश, चहा ८० अंश, आणि दहा मिनिटांनी तो ५५ झाला. बघा, ८० चे ४० नाही झाले. निम्मा झालाय तो फरक, ५० चा २५. पुढच्या दहा मिनिटांत २५ चा साडेबारा, म्हणजे चहा ४२.५. मग ३६.२५. मग साधारण ३३. तोपर्यंत कोणी पित नाही.

हे आपल्या साच्यात घाला. जमीन कुठे? ३०, खोलीचं तापमान, कारण चहा कितीही वेळ ठेवलात तरी खोलीच्या खाली जात नाही. म्हणून उ = ३०. सुरुवातीला जमिनीपासून किती वर? ५०, म्हणून त = ५०. उतरता आहे आणि दहा मिनिटाला निम्मा, म्हणून व = −१/१०. स शून्य, घड्याळ चहा ओतल्यावरच चालू केलं.

तापमान = ५० × २^(−मिनिटं/१०) + ३०

वर केलेलं सगळं या एका ओळीत आहे, ताण, वेग, पालटणं, उचल. आणि ग्राफवरून फॉर्म्युला ओळखायला सांगितलं तरी याच क्रमाने जायचं: आधी जमीन किती उंचीवर ते बघा, मग क्ष शून्यावर ग्राफ जमिनीपासून किती वर किंवा खाली आहे ते, मग ते अंतर निम्मं किंवा दुप्पट व्हायला किती घरं लागतात ते. तीन आकडे, संपलं. अंतर जमिनीपासून मोजायचं, क्ष-अक्षापासून नाही. ८० चे ४० करणारे सगळे क्ष-अक्षापासून मोजत असतात.

मग फ्रिजमधली पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि तिला म्हटलं आता तू लिही. बाटली ४ अंश धर, आणि फरक वीस मिनिटांत निम्मा होतो असं धर. तिने आधी तुटक रेषा काढली ३० वर, मग जरा थांबली, मग बटर पेपर दोनदा पालटला, एकदा पानासारखा, एकदा कॅलेंडरसारखा. लिहिलं:

तापमान = −२६ × २^(−मिनिटं/२०) + ३०

वीस मिनिटांनी १७, चाळीस मिनिटांनी २३.५. बरोबर. मी खूश होऊन चहाचा कप उचलला तर म्हणते, "मामा, चहा आणि बाटली एकाच टेबलावर आहेत, मग त्यांचे ग्राफ एकमेकांना कधी कापतील?"

मी म्हटलं काढून बघ. तिने दोन्ही एकाच कागदावर काढले, एक ३० च्या वरून उतरत येणारा, एक खालून चढत येणारा, मधे ती तुटक रेषा. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "कापणारच नाहीत. दोघांची जमीन एकच आहे, एक वरच्या बाजूला राहतो आणि एक खालच्या." तोवर कप हातातच होता आणि चहा चाळिशीला आला होता.